आमची कंपनी गिळायची राहून गेली

पिंपरी-चिंचवडच्या चिखलीत माझी इंटरनेट कंपनी होती. होती म्हणजे अजूनही आहे, पण 'आहे' म्हणायच्या आधी आजकाल मला दोन घोट पाणी प्यावं लागतं. एके काळी माझ्या वायरी एकीला एक जोडून ताणल्या असत्या तर चंद्राला वेढा घालून परत आल्या असत्या. फक्त येताना देहूरोडला अडकल्या असत्या. तिथे लष्कराची हद्द आहे आणि ते लोक चंद्रावरून आलेली वायरसुद्धा परवानगीशिवाय आत घेत नाहीत. आमच्या गल्लीत वायरींचं जाळं इतकं दाट होतं की पावसाला खाली यायला वेळ लागायचा. आणि स्पीड? इकडे चिखलीत पोराला शिंक आली की ती पुरी व्हायच्या आत तिकडून लातूरच्या आजीचं 'शतंजीव' आलेलं असे.

सुरुवात केली तेव्हा मी चाकणला एका कारखान्यात गाडीचे दरवाजे बसवत होतो. आठवडाभर फर्स्ट शिफ्ट, आठवडाभर सेकंड, आणि उरलेल्या वेळात केबल ओढायची. आमच्या पट्ट्यातले सगळे केबलवाले असेच. कारखान्यात नोकरी, बाहेर धंदा. कंपनीला जोडधंदा चालत नाही, म्हणून धंदा बायकोच्या नावावर. पिंपळे गुरववाला, देहूरोडवाला, मोशीवाला, सगळ्यांच्या पावत्यांवर बायकांची नावं. आम्ही एकमेकांना वस्तीच्या नावानेच हाक मारायचो. त्यांच्या बायकांना आपण इंटरनेट कंपनीच्या मालकीण आहोत हे वर्षातून एकदा, सही करताना कळायचं.

मी मात्र मर्दासारखा राजीनामा दिला. सुपरवायझरसमोर हेल्मेट काढून असं आपटलं की म्हणे अख्खी लाइन थांबली आणि त्या दिवशी एक गाडी तीन दरवाज्यांची बाहेर पडली. आणि धंदा माझ्या नावावर केला. बायको म्हणाली होती, "अहो, सगळ्यांचं आहे तसं राहू द्या की माझ्या नावावर." मी म्हणालो, "मी काय चोरून धंदा करतोय का?" तिने कढईत पळी जरा जास्तच जोरात फिरवली. विषय तिथे संपला असं मला वाटलं.

माझा भागीदार चिखलीचाच, जुन्या घरचा. शेती गेली, तिथे चार मजले उभे राहिले, खोल्यांतून भाडेकरू भरले. गावात त्याचं नातं नाही असं घर नाही. फायबर आणायचं तर ते कुठून तरी न्यावं लागतं. आमचं गच्च्यांवरून जायचं. एकही करार नाही. हा नुसता खालून हाक मारायचा, "काकी, वरनं वायर नेतोय गं!" आणि काकी वरून म्हणायची, "न्हे की, पण पापडावर पाय दिऊ नगंस." झाली परवानगी. नेटवर्क म्हणजे याचं गणगोत आणि माझी वायर. मी त्याला शेठ म्हणायचो. तो मला पाव्हणं म्हणायचा. वीस वर्षं झाली इथे येऊन, माझी पोरं इथे जन्मली, तरी पाव्हणं. त्याच्या खिशात कायम भंडाऱ्याची पुडी. खंडोबाचा भक्त. भेटेल त्याच्या कपाळाला अंगठा टेकवायचा; याचा उजवा अंगठा जन्मापासून पिवळाच असावा असा माझा समज आहे.

तर अशा आमच्या सोन्यासारख्या कंपनीवर एक दिवस मोठ्या कंपनीची नजर गेली.

साहेब आले ते पांढऱ्या गाडीतून. गल्लीत गाडी वळेना, म्हणून दुसऱ्या गल्लीत लावून चालत आले, तेही पांढऱ्या बुटांत. आमच्या ऑफिसात बसले, चहा घेतला आणि म्हणाले, "सर, तुम्ही ग्राउंडवर जे उभं केलंय ना, आम्ही त्याचा खूप रिस्पेक्ट करतो. आम्हाला तुमच्यासोबत ग्रो व्हायचंय." मग तितक्याच गोड आवाजात सांगितलं की त्यांची स्वतःची लाइन स्पाइन रोडपर्यंत, म्हणजे अगदी चिखलीच्या दारापर्यंत आलेली आहे. आम्ही विकलं तर ठीक. नाही विकलं तर ते आत येतीलच, आणि आले की सुरुवातीचे काही महिने लोकांना फुकट देतील.

"फुकट?" शेठ म्हणाला. "मग तुमाला परवडतंय कसं?"

"आम्हाला नाही परवडत सर," साहेब हसून म्हणाले. "पण आम्हाला चालतं."

ते गेल्यावर शेठ बराच वेळ त्यांच्या उष्ट्या कपाकडे बघत राहिला. मी खूप मोठ्याने हसलो. इतका मोठ्याने की शेजारच्या वर्कशॉपवाल्याने मशीन बंद करून विचारलं, काय झालं.

माझा मेव्हणा हिंजवडीला आहे. कंपन्या कशा घ्यायच्या आणि कशा विकायच्या याचंच तो तिथे काम करतो, आणि त्याला त्यातलं खरंच कळतं, हे मी आधीच सांगून ठेवतो. त्याला बोलावलं. त्याने शेठच्या घरी, नव्या रंगाच्या भिंतीवर, प्रोजेक्टर लावून आम्हाला आमचं भविष्य दाखवलं. शेठची आई पहिल्या रांगेत. तिला वाटलं लग्नाची सीडी आहे.

"दाजी, हे बघा," मेव्हणा म्हणाला. "आत्ता विकलंत तर भाव आहे, कारण त्यांना चिखलीत शिरायला तुमच्या गच्च्या हव्यात. उद्या त्यांना दुसरी वाट मिळाली की हा भाव गेला. लढायचं असेल तर दर पाडावे लागतील, आणि त्यांच्याइतका श्वास तुमच्यात नाही. दुसरं कोणी मोठं गिऱ्हाईक उभं करता आलं तर दोघांना एकमेकांवर घालता येईल. नाहीतर मग सगळे छोटे केबलवाले एकत्र या, एकच तोंड करा, आणि एकदम बोलणी करा. मला विचाराल तर हे शेवटचं. फक्त त्यात एक लिहून घ्या, की किती दिवस एकत्र राहायचं आणि कोणी कधी बाहेर पडायचं."

"आणि काहीच केलं न्हाई तर?" शेठने विचारलं.

मेव्हण्याने पुढचं चित्र लावलं. त्यात एक रेघ खाली जात होती. शेठची आई म्हणाली, "हे कोण?"

सगळ्यांना एकत्र आणायचं ठरलं. गुरुवार धरला, कारण गुरुवारी वर्कशॉप बंद, तक्रारीचे फोन नाहीत. चाकण रोडच्या ढाब्यावर बैठक झाली. गुरुवार म्हणून अर्ध्यांना मटण चालत नव्हतं, म्हणून सगळ्यांसाठी शेवभाजी, आणि त्यामुळे सगळेच जरा चिडलेले. त्या दिवशी मी जे भाषण केलं ते ऐकून तंदुरीवाल्याच्या रोट्या करपल्या. मी म्हणालो, आपण सगळे मिळून उभे राहिलो तर या कंपनीला इंद्रायणीच्या पलीकडूनच नमस्कार करून परत जावं लागेल.

"ते ठीक आहे राव," पिंपळे गुरववाला म्हणाला. "पण सगळ्यात आधी तूच विकशील."

"मी?"

"तूच. तुझ्याकडे नोकरी कुठंय? आमचं काय, धंदा गेला तर पगार आहे."

मेव्हण्याने तयार करून दिलेला करार मी पुढे ठेवला. देहूरोडवाल्याने तो तेलकट बोटाने लांब सरकवला. "भावा, कागदाला वकील असतो. वकील आला की कागदाला दोन अर्थ येतात." सगळ्यांनी माना डोलावल्या. मग मोशीवाला म्हणाला, "बेल-भंडारा उचला. बघू कोण फुटतो ते."

शेठचे डोळे असे चमकले की मला त्या क्षणीच कळायला हवं होतं. पण मीही मल्हारीचाच. आमच्या घरी लातूरकडे तळी भरल्याशिवाय लग्न उरकत नाही. मला त्या कागदापेक्षा ते कितीतरी पक्कं वाटलं. आजही वाटतं, आणि तीच तर बोंब आहे.

रविवारी शेठच्या भावकीच्या देवळात जमलो. ताटात बेल, त्यावर भंडारा. एकावर एक हात. शेठने शब्द सांगितले, बाकीचे मागून म्हणाले: जो आपली लाइन त्या कंपनीला विकेल, त्याचं मल्हारी बघून घेईल. येळकोट येळकोट जय मल्हार! इतका भंडारा उधळला की माझी पांढरी मोटारसायकल आजही उन्हात पिवळट दिसते.

मेव्हण्याला फोन केला. "काम झालं. एकजूट पक्की."

"बाहेर पडायचं कधी, ते ठरलं?"

"अरे, भंडारा उचललाय."

"ते कळलं दाजी. पण समजा कंपनीने सगळ्यांना मिळून चांगला भाव दिला, तर? विकायचं की नाही? शब्द काय होते?"

मी शब्द आठवले. विकायचं नाही, इतकंच होतं. एकट्याने नाही की सगळ्यांनी मिळून, आज नाही की कधीच नाही, यातलं काहीच नव्हतं. तिकडे मेव्हण्याने लॅपटॉप मिटल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "म्हणजे वाटाघाटीला जायच्या आधीच तुम्ही वाटाघाटी बंद केल्या."

आणि मेव्हण्याने 'समजा' म्हटलं होतं, साहेबांनी नेमकं तेच केलं. एकत्र बोलायला बोलावलं आणि खरोखर चांगला भाव ठेवला. मी तो आकडा सांगत नाही. ऐकून तुम्हीही नोकरी सोडाल. आम्ही सगळे टेबलाभोवती बसून एकमेकांच्या कपाळाकडे बघत राहिलो. कोणी हो म्हणेना. कोणी नाही म्हणेना. साहेबांना वाटलं आम्ही भाव वाढवतोय, म्हणून त्यांनी अजून वाढवला. पिंपळे गुरववाल्याला घाम फुटला. शेवटी शेठ उठला. म्हणाला, "आमी सांगतो," आणि बाहेर येऊन कोणालाच काही सांगितलं नाही.

पुढच्या महिन्यात देहूरोड गेलं. मी गाडी काढून तडक देहूरोडवाल्याकडे. तो शांतपणे गाडी धूत होता.

"भंडारा उचलला होतास!"

"उचललाच होता. मी कुठं विकलं?"

"मग कोणी विकलं?"

"बायकोने. तिच्या नावावर आहे, तिने विकलं. तिचा हात होता का ताटात?" आणि पाइपचं पाणी माझ्या चपलेवर सोडून म्हणाला, "बाजूला हो, भिजशील."

त्याच्यामागे मोशीवाली वहिनी, मग पिंपळे गुरववाली वहिनी. ज्यांना आपण मालकीण आहोत हे ठाऊक नव्हतं, त्यांनी एका सहीत अख्ख्या वस्त्या विकल्या. देवासमोर सगळे नवरे स्वच्छ. ताटात खरा हात अडकला होता तो दोघांचाच: माझा आणि शेठचा, कारण अख्ख्या पट्ट्यात आम्हीच दोघे मर्द, आपापल्या नावावर धंदा करणारे.  बायको जेवताना फक्त म्हणाली, "कढी वाढू?" त्या कढीत मीठ नव्हतं.

मी शेठला म्हणालो, "आपणही बायकांच्या नावावर करून टाकू. महिन्याभराचं काम."

"आता?"

"आता."

"त्यांचं आधीपासनं व्हतं, पाव्हणं. आपुन आता केलं तर देवाला कळंल की कशापायी केलं ते. त्यो काय रजिस्ट्रार हाय व्हय?"

मी त्याच्या पाया पडलो. खरंच पडलो, हे मीठमसाला लावून सांगत नाही. म्हणालो, शेठ, दिवाळीला माणसांना काय देऊ? पोरीची फी आहे. तो म्हणाला, "तुझा हिस्सा तू विक. मी आडवा येनार न्हाई." पण त्याच्या गच्च्यांशिवाय माझा हिस्सा म्हणजे हवेत लोंबकळणारी वायर, हे त्यालाही ठाऊक होतं. तो दुसरीकडे बघत राहिला.

मग मी लढलो. असा लढलो की त्याचा पोवाडा व्हावा. चौकात फ्लेक्स लावला, 'आपल्या मातीतलं इंटरनेट', त्यावर माझा हात जोडलेला फोटो. चार दिवसांत त्याच्यावर कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स चढला आणि खालून फक्त माझे जोडलेले हात दिसत राहिले. दर पाडले. मग अजून पाडले. एका जमीनवाल्या दादांकडे पैसे लावता का म्हणून गेलो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, पेढा दिला आणि विचारलं, "ह्यात प्लॉट किती गुंठ्याचा हाय?" प्लॉट नाही म्हटल्यावर पेढ्याचा डबा आत गेला.

मोठ्या कंपनीची लाइन आली. फुकट सुरू झालं. माझे वायरमन एकेक करून तिकडे गेले, त्यांच्या टोपीचा रंग बदलला, पण खांद्यावरची शिडी माझीच राहिली. ती मागायला मला लाज वाटली. आणि लोक राउटर परत द्यायला येऊ लागले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण ते माफी मागायचे. वर्कशॉपवाला म्हणाला, "राव, वाईट वाटून घेऊ नका, पोरगं ऐकत नाही." उस्मानाबादकडच्या एका मावशींनी राउटर पुसून, प्लास्टिकच्या पिशवीत घालून आणला. पिशवीत सोबत गुळाचा खडा होता.

"हे काय मावशी?"

"घरचा डबा रिकामा परत द्यायचा नसतो, बाबा."

मी आत गेलो आणि तोंड धुतलं. ऑफिसात राउटरचा ढीग छताला लागला होता. छताला म्हणजे, बरं, टेबलाला. कोणाकोणाच्या दिव्यांचे हिरवे ठिपके आठवत मी त्या ढिगासमोर बसायचो.

शेवटी एका सकाळी शेठला न सांगता मी निघालो. अंगात लग्नातला शर्ट. पिंपरीला, त्यांच्या नव्या ऑफिसात. वाटेत देवाशी सौदा केला: बाबा, माझं जे बघायचं ते बघून घे, फक्त पोरीची फी भरून झाल्यावर बघ. रिसेप्शनवर बराच वेळ बसवलं. समोरून आमचाच एक जुना वायरमन गेला; त्याने मला ओळखलं आणि माझ्याशी बोलावं लागू नये म्हणून फोन वाजल्याचं नाटक केलं.

साहेबांची केबिन सगळी पांढरी. भिंत, टेबल, खुर्च्या. मी बसलो आणि बसताच म्हणालो, "विकतो. तुम्ही म्हणाल त्या भावाला."

साहेबांनी आधी पाणी पुढे केलं. मग अगदी हळू, आजारी माणसाशी बोलावं तसं म्हणाले, "सर, आता गरज नाही राहिली. चिखलीत आम्ही दुसऱ्या बाजूने आलो. तुमचे बहुतेक कस्टमर आमच्याकडेच आहेत. विकत घ्यायला काही… तुम्ही समजून घ्या."

"गच्च्या?"

"आमची लाइन रस्त्याखालून आहे."

मी उठलो नाही. उठायचं सुचलंच नाही. खुर्चीच्या हातावर हात ठेवून बसून राहिलो. विषय बदलायला साहेबांनी माझ्या हाताखाली बोट दाखवलं. "सर, तुम्ही गावाकडचे, तुम्हाला माहीत असेल. हा डाग कशाने जातो? मागच्या आठवड्यापासून पुसतायत."

मी हात उचलला. खुर्चीच्या पांढऱ्या हातावर पिवळा अंगठा उमटलेला होता. उजवा. हळदीचा. असा अंगठा अख्ख्या पिंपरी-चिंचवडात एकाच माणसाचा आहे.

"उन्हात ठेवा," मी म्हणालो. "हळद उन्हाने जाते."

परत आलो तेव्हा शेठ त्याच्या गच्चीवर, आमच्या वायरींच्या पेटीजवळ बसला होता. पेटीतले थोडेच दिवे चालू होते. माझा शर्ट बघून त्याने विचारलं, "लगीन व्हतं कुणाचं?"

"त्यांनीच बोलावलं होतं," मी म्हणालो, आणि मग मला आवरेना. साहेब खाली दारापर्यंत घ्यायला आले होते म्हणालो. आधीच्या दुप्पट भाव ठेवला. मी नाही म्हटलं. त्यांनी तिप्पट केला. साहेबांचे डोळे भरून आले, माझा हात धरला, म्हणाले, चिखली तुमच्याशिवाय आम्हाला पेलायची नाही. "मी उभा राहिलो शेठ, आणि सांगितलं, आम्ही भंडारा उचललाय. चेक टेबलावर तसाच ठेवून आलो."

शेठ ऐकत होता.  खाली कोणीतरी दळण घेऊन चाललं होतं, त्याच्याकडे बघत होता. मग त्याने खिशातून पुडी काढली, उघडली आणि अंगठा माझ्या कपाळावर टेकवला. जरा जास्तच वेळ दाबून धरला.

"शाबास," तो म्हणाला. "शब्द राखला म्हन की."

"राखला."

पुडीची घडी घालता घालता, वर न बघता, त्याने विचारलं, "खुर्च्या कशा हायत रं त्यांच्या हापिसात?"

"पांढऱ्या," मी म्हणालो.

त्याने पुडी खिशात ठेवली आणि अंगठा धोतराला पुसला. नीट, पुन्हा पुन्हा पुसला.

"व्हय," तो म्हणाला. "लई पांढऱ्या."